बिनराबाची रांग

डोक्यावर ऐनाच्या डहाळ्यांचा भारा असला की माणसाला पायापुढची वाट तेवढी दिसते, आणि तीही वीतभर. त्या माघातल्या सकाळी राहीला वाट दिसत होती, वाटेतले दगड दिसत होते. पण बांधाच्या वळणावर उकिडवा बसलेला माणूस काही दिसला नाही. पुढच्याच क्षणी भारा त्याच्या पाठीवर, ती चिखलात, आणि त्याच्या हातातली करवंटी गडगडत खालच्या शेतात.

"अगो बाय!" राही ओरडली.

"हलू नका!" पाल्याखालून आवाज आला.

"का? साप हाय?"

"नाही... माती आहे."

पाला बाजूला सारत एक तरुण माणूस बाहेर आला. त्याच्यापुढं मातीचे दोन ढीग होते आणि त्यांतल्या एकात राहीची टाच रुतली होती. "तेहेतीस झाल्या होत्या," तो काकुळतीनं म्हणाला, "की चौतीस?"

"कसल्या?"

"करवंट्या. दोन्ही ढीग सारखे हवे होते."

आता राहीनं त्याला ओळखलं. हा तर शेजारच्या शाळेचा मास्तर, चांगदेव. जातीचा आगरीच, उरणकडचा. मिठागरावर घाम गाळणाऱ्या बापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवलेला. काशीदच्या अलीकडं खाडीला लागून असलेल्या या वाडीनं त्याला पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, एका वर्षाच्या बोलीवर ठेवला होता. मिठाचं एक जुनं कोठार रिकामं पडलं होतं, त्यात शाळा. पाडव्याला गाव बसणार, आणि मास्तर ठेवायचा की जाऊ द्यायचा ते ठरवणार.

"मास्तर, मोजायला दुसरं काय गावलं न्हाय तुमाला?"

"गावलं असतं. पण तेवढ्यात अंगावर झाड पडलं."

राहीला हसू आवरेना. तोही हसला, पण एकाच बाजूनं, जणू दुसऱ्या बाजूचं हसू पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलंय. मग त्यानं भारा उचलायला हात लावला आणि त्याचं हसू मावळलं.

"फार जड आहे हो हा."

"असं रोज दोन. शिमग्यापर्यंत."

"राबासाठी?"

"न्हाय, हौस म्हणून!"

ते त्यालाही ठाऊक होतं. भाताची रोपं ज्या वाफ्यात करायची, ती दाढ. पेरण्याआधी तिच्यावर शेण, पाला, डहाळ्या आणि गवत पसरून सगळं जाळायचं, तो राब. या किनाऱ्यावर राब भाजल्याशिवाय कुणी दाण्याला हात लावत नसे. आणि हा सगळा डोंगरातला पाला खाली यायचा तो बायकांच्या मानेवरून. राहीची आई तीन वर्षांपूर्वी गेली, बाप बुधाजी गुडघ्यानं अधू, म्हणून घरच्या दाढेचा सगळा राब तिच्या एकटीच्या डोक्यावर. एकोणिसावं लागलं तरी लग्नाचं नाव निघत नव्हतं, कारण ती गेली तर भारे आणणार कोण!

"राब न भाजता कुणी भात पेरून पाहिलंय?" मास्तरनं विचारलं.

"न्हाय."

"का?"

"कुणी पेरत न्हाय म्हणून."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "मला तेच पाहायचंय. म्हणून तर माती मोजतोय. तुमची मान... म्हणजे, सगळ्यांचीच मान वाचली तर बरं ना?"

तिला आजवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आणि तिच्या मानेची विचारपूस तर साक्षात बापानंही केली नव्हती. तो भारा तिच्या डोक्यावर देऊन करवंटी शोधायला खाली उतरला, तेव्हा त्याच्या केसांत ऐनाचं एक पान अडकलेलं तिनं पाहिलं. सांगावं असं वाटलं. पण सांगितलं असतं तर त्यानं काढलं असतं... तिनं सांगितलं नाही. ते पान मिरवत तो शाळेत गेला आणि पोरं दिवसभर खिदळली. संध्याकाळपर्यंत राहीला वाईट वाटत राहिलं.

कोठार बुधाजीच्या पडवीला लागूनच होतं. राही पडवीत तांदूळ निवडायची आणि कान शाळेत ठेवायची. पूर्वी पाव शेर निवडायला घटका लागायची. आता सकाळ सरायची.

"दोन होड्यांची शर्यत लावली," मास्तर सांगत होता. "एकीत चार वल्हेकरी, दुसरीत दोन. चौघांची जिंकली. तर होडी कुठली चांगली?"

"चौघांची!" पोरं ओरडली.

"नक्की?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग केसर नावाची एक शेंबडी पण तरतरीत पोर म्हणाली, "मास्तर, माणसं सारखी पायजेत."

"शाब्बास! आणखी काय सारखं पाहिजे?"

"वल्ही!" "वारा!" "एकदमच सुटली पायजेत!"

"मग बदलायचं काय?"

"होडी!"

"फक्त होडी. ज्याची परीक्षा घ्यायची तेवढं एकच बदलायचं, बाकी सगळं सारखं. दोन गोष्टी बदलल्या, तर कुठलीनं काय केलं ते देवालाही कळायचं नाही."

पडवीतल्या राहीला हे इतकं पटलं की तिनं खडे तांदळात आणि तांदूळ अंगणात टाकले.

मग फाल्गुनात खरा खेळ सुरू झाला. कुंभाराकडून एकाच मापाची बारा मडकी आली. बुधाजीच्याच शेताचा एक कोपरा मास्तरनं राब लावून भाजला, त्याला लागूनचा तेवढाच कोपरा कोरा ठेवला. सहा मडक्यांत राबाची माती, सहांत बिनराबाची. कुठलं मडकं कुठल्या रांगेत, ते पोरांनी कवड्या टाकून ठरवलं, म्हणजे चांगली मडकी एकीकडं गेली असं कुणी म्हणायला नको. कोठाराची जमीन खारी, म्हणून मडकी फळीवर ठेवली. रांगांच्या जागा रोज बदलायच्या, म्हणजे ऊन दोघींना सारखं. बियाण्यासाठी त्यानं मिठाचं पाणी केलं, त्यात अंडं तरंगेपर्यंत मीठ घातलं, आणि त्यात बुडाले तेवढेच भरीव दाणे घेतले. प्रत्येक मडक्यात वीस.

"मास्तर," राहीनं पडवीतून विचारलं, "अंडं कुनाचं?"

"तुमच्याच कोंबडीचं. परत करणार आहे."

"खारवलेलं?"

"म्हणजे... वरून मीठ घ्यायला नको तुम्हाला."

पोरं हसली, राही पदरात हसली. आत ठमाबाई, तिची विधवा आत्या, चुलीपुढं खाकरली. ठमाबाईचं खाकरणं म्हणजे बोलणंच असे.

मडकी बघायला गावातली माणसं येऊ लागली. एका संध्याकाळी बुधाजी काठी टेकत आला. त्यानं दोन्ही रांगा पाहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, बिनराबाची रांग राबाच्या रांगेला धरून राहिली, तर यंदा मी दाढ भाजनार न्हाय."

बुधाजी बोलला की वाडी त्याच्यामागं जायची. म्हणजे एक दाढ नव्हे, वाडीतली झाडून सगळी दाढ.

"आन् न्हाय राह्यली तर?" म्हातारा येसाजी आडवा आला. त्याचा नातू शाळेत गेल्यापासून गुरं राखायला कां-कूं करत होता, तो राग होता. "मंग मास्तराची बोली पाडव्याला संपली. कबूल?"

"कबूल," चांगदेव म्हणाला.

किती पटकन म्हणाला! राहीला वाटलं, जरा विचार तरी करायचा... पाडव्याला दोन-अडीच आठवडे उरले होते.

शिमग्याला शाळेला पाच दिवस सुटी. चांगदेवची आई उरणकडं एकटी. त्याला जाणं भाग होतं. रेवसपर्यंत चालत आणि पुढं होडीनं करंज्याला. निघण्याआधी करवंटी हातात घेऊन तो पडवीच्या पायरीशी उभा राहिला.

"पाणी तुम्ही घालाल का? पोरांचा शिमग्यात भरवसा नाही."

"माजा हाय?"

"तुमचाच तर..." तो थांबला. "सकाळी एक करवंटी, संध्याकाळी एक. प्रत्येक मडक्याला. विहिरीचं पाणी. ना जास्त, ना कमी."

"आन् रोपांशी बोललं तर चालंल?"

"चालेल. पण दोन्ही रांगांशी सारखं बोला."

करवंटी देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही ती इतक्या घाईनं मागं घेतली की करवंटी पडली. तिला चीर गेली नाही ना, हे बघायला दोघंही एकदम वाकली आणि डोकी आपटली. आत ठमाबाई खाकरली.

दोन दिवस राहीनं नेमानं पाणी घातलं. ना जास्त, ना कमी. तिसऱ्या सकाळी तिनं रांगा पाहिल्या आणि ती जवळ जाऊन वाकली. राबाची रोपं हिरवी, तरारलेली. बिनराबाची फिकट, शेंड्याला पिवळी, आणि बोटाच्या पेराएवढी मागं. मास्तर येणार, तेच अर्धं हसू घेऊन वाकणार, आणि मग... तिला त्याचा तो चेहरा दिसायला लागला. पाडवा दिसायला लागला. पेटी खांद्यावर घेऊन रेवसच्या वाटेला लागलेली त्याची पाठ दिसायला लागली.

तिच्या हातात तेव्हा टोप होता. मांदेली धुतली होती, त्याचं धुवण. मासळी धुतलेलं ते गढूळ पाणी इकडं कुणी फुकट घालवत नाही. माडाच्या नाहीतर दुधीच्या बुंध्याशी ओततात, वेल कसा फोफावतो ते बघावं! राही दुधीकडंच चालली होती. पाय मधेच वळले. बिनराबाच्या सहा मडक्यांत तिनं करवंटी-करवंटी धुवण घातलं आणि त्या दिवशीचं पाणी घातलं नाही. म्हणजे माप सारखंच राहिलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकदाच, असंही सांगितलं.

पण दुसऱ्या दिवशी कोलंबी होती, तिसऱ्या दिवशी बोंबील.

चांगदेव परतला तेव्हा बिनराबाची रांग हिरवी झाली होती. तो रांगेपुढं गुडघ्यांवर बसला, आणि तोंडून गावाकडची बोली निसटली, "आयला... ही तर धरतंय गो!" मग शरमून म्हणाला, "माफ करा. म्हणजे, फरक कमी होतोय." त्याचा चेहरा इतका उजळला होता की राहीच्या ओठांवर आलेलं परत घशात गेलं.

आता थांबवायचीही सोय राहिली नाही. थांबली तर रांग पुन्हा पिवळी पडणार, आणि तो कारण शोधणार. म्हणून ती रोज पहाटे, शाळा भरायच्या आधी, टोप घेऊन जायची. सोमवारी घरात मासळी नसे. त्या दिवशी तिच्या जिवाला घोर लागायचा. घास गिळेना, झोप येईना. मास्तर बोलायला आला की आनंद व्हायचा आणि त्याच आनंदात भीतीही. ठमाबाईला वाटलं पोरीला नजर लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

त्यात बोका! बुधाजीच्या घरचा पिवळा बोका दिवसभर कोठारात येऊन बसू लागला. रांगांच्या जागा रोज बदलत, तसा बोकाही जागा बदले, आणि नेमका बिनराबाच्या रांगेशी जाऊन नाक लावी. पोरांना गंमत वाटायची. राहीला घाम फुटायचा.

चांगदेव सगळं वहीत उतरवायचा. तिथी, उंची, पानं, रंग, असे रकाने आखलेली वही. एका दुपारी पडवीच्या पायरीवर बसून त्यानं ती राहीला वाचून दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं. पण त्याच्या बोटामागून तिची नजर चालत राहिली.

"आन् हा शेवटचा?"

"हा 'इतर'. ज्याला जागा नाही ते यात. हे बघा, 'बोका बिनराबाच्या रांगेशी बसतो. सलग सहा दिवस. कारण कळत नाही.'"

राहीनं घाईनं विचारलं, "आन् मी? मी कुटल्या रकान्यात?"

तो वहीतून वर पाहीना. "तुम्ही... कुठल्याच नाही. पाणी घालणारं माणूस सारखं आहे, असं मी धरून चाललोय."

ती उठून आत गेली आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून रडली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, तो विहिरीवर आला. राहीनं मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. सकाळपासून वाक्य तयार केलं होतं, मास्तर, माजं चुकलं. एवढंच तर होतं.

"मास्तर, मना काय सांगायचंय..."

"मलाही. आधी मी बोलू? नाहीतर धीर राहायचा नाही." त्यानं कळशीच्या काठाला धरलं. "रांगा जवळजवळ सारख्या आहेत. उद्या गावानं मला ठेवलं, तर मी... तुमच्या बाबांशी बोलणार आहे. तुमच्याबद्दल. तुमची ना नसेल तर."

कळशी भरून वाहत होती, तिचं भान दोघांनाही नव्हतं. जे ऐकायला राहीनं देवाला नारळ बोलला असता, ते ऐकलं आणि तिला तिथंच विहिरीत उडी घ्यावीशी वाटली.

"माजी ना न्हाय," ती कशीबशी म्हणाली.

"आणि तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"...उद्या."

घरी बुधाजी खुशीत होता. पावसापर्यंत कामच नाही म्हणत होता. रचलेला राब वखारवाल्याला देऊन टाकू, दाढ कोरीच पेरू. "तुजी मान सुटली गो बाय," म्हणाला, आणि कधी नव्हे ते त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. राहीला डोळ्यांपुढं दिसली ती आषाढातली दाढ. फिकट, पिवळी, पेरभर मागं. बाबांची, येसाजीबाबाची, केसरच्या घरची. एवढ्या दाढींना घालायला सगळ्या समुद्रातल्या मासळीचं धुवण पुरलं नसतं. रोपं गेली की लावणी गेली, लावणी गेली की वर्षाचं भात गेलं.

एका पारड्यात सगळ्या वाडीचं भात आणि दुसऱ्यात एक माणूस. आणि तिला लाज वाटत होती ती याची, की तिला अजून ठरवता येत नव्हतं.

पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंब चावून झाला, आणि गाव कोठारापुढं बसलं. चांगदेवनं बारा मडकी फळीवर मांडली. केसरनं काडीनं एकेक रोप मोजलं आणि मोठ्यानं उंची सांगितली. दोन्ही रांगांत नखाचाही फरक नव्हता. येसाजीनं स्वतः वाकून पाहिलं, खोड दाबलं, पान चोळलं आणि काही न बोलता खाली बसला.

बुधाजी काठीवर भार देऊन उठला. "मंग गड्यांनो, मी शबूद दिला व्हता. यंदा माजी दाढ..."

"बाबा, थांबा!"

पुरुषांच्या बैठकीत बाईमाणसानं, तेही लग्नाच्या पोरीनं, मधे बोलायचं नसतं. राहीला ते माहीत होतं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली आणि चांगदेवकडं न बघता बोलली, "दाढ भाजा. ह्या रांगेला मी मासलीचं धुवण घातलंय. शिमग्यापासून. रोज. सोमवार सोडून."

फळीखालचा बोका अंग ताणून उठला, बिनराबाच्या पहिल्या मडक्याशी गेला आणि नाक लावून बसला.

"कशाला?" बुधाजीनं विचारलं.

"ही रांग हरली तर... मास्तर गेलं असतं."

झालं. एवढ्यात सगळं सांगून झालं होतं. बायकांत कुजबुज उठली. राहीला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं होईल.

येसाजी मांडीवर थाप मारून म्हणाला, "मंग संपली बोली! उचला पेटी, मास्तर."

"उचलतो," चांगदेव म्हणाला. "पण लबाडी तिची एकटीची नाही. मी आगऱ्याच्या घरात वाढलोय. शिमग्याहून आलो त्याच दिवशी मला मातीला मासळीचा वास आला होता. वहीत मी बोका लिहिला, वास लिहिला नाही. मनाला म्हटलं, भास असेल. पोरांना शिकवतो की दिसेल ते लिहा, आणि स्वतः..." त्यानं वही बुधाजीपुढं ठेवली. "मलाही इथून जायचं नव्हतं. का ते तुम्हाला कळलं असेल."

राहीनं आता कुठं त्याच्याकडं पाहिलं. म्हणजे पडवीच्या पायरीवर त्यानं मान वर केली नव्हती ती यासाठी! रागही आला, आणि रागाच्या खालून असं काही उसळून आलं की तिला चौकट आणखी घट्ट धरावी लागली.

"दोघांनी मिलून माजी दाढ बुडवली असती," बुधाजी सावकाश म्हणाला. "गावाची बुडवली असती." ते खरंच होतं. त्यानं वाकून एका मडक्यातली माती बोटांत चोळली. त्याला अक्षर येत नव्हतं, पण माती येत होती. मग त्यानं काठीनं बिनराबाच्या रांगेकडं दाखवलं.

"येसाजी, ह्या रांगेत राब न्हाय, तरी ती राबाच्या रांगेबरुबर आली. व्हय का न्हाय?"

"धुवनानं आली."

"तेच इचारतंय मी. धुवनानं इतकं व्हतं, ह्ये तुला ठावं व्हतं?"

"...दुधीचं ठावं व्हतं. भाताचं न्हाय."

"मंग दाढ मी भाजनार. पन तीन वाफं येगलं ठेवनार. एक राबाचा, एक कोरा, एक धुवनाचा. आन् ते मोजायला मानूस लागंल. जो आपली लबाडी चारचौघांत सांगतो तो बरा. उंदरासारखा पलनारा नको."

येसाजी तोंड उघडणार, तेवढ्यात ठमाबाई पुढं झाली. आज ती खाकरली नाही. "आन् ह्या दोघांचं लगीन लावून टाका. म्हंजी पोरीला चोरून धुवन घालाया नको, आन् त्याला वास लपवाया नको."

गाव हसलं. बुधाजी हसला नाही. पण त्यानं वही उचलली आणि चांगदेवच्या हातात परत दिली. तेवढ्यावर सगळ्यांना समजलं.

आषाढात, पाऊस जरा उघडला होता तेव्हा, नवी नवरी राही तीन वाफ्यांच्या बांधावर उभी होती. पाणी कोणी घालायचं हा प्रश्न उरला नव्हता. ते आता आभाळातून तिघांना सारखं पडत होतं. वाफ्यांचं नेमून दिलेलं एकच काम तिच्याकडं होतं, धुवणाचं, आणि ते तिनं मोजून, दिवसाउजेडी, केसरला साक्षीला घेऊन केलं होतं.

चांगदेव चिखलात उकिडवा बसून काडीनं रोपं मोजत होता. राबाचा वाफा सर्वांत उंच. धुवणाचा जरा मागं. आणि कोरा... कोरा फिकट, पिवळा, पेरभर मागं. बघायला काडीचीही गरज नव्हती.

"हरली की गो तुझी रांग," तो म्हणाला.

"तशीच लिवा."

त्यानं तसंच लिहिलं. वाडी उपाशी राहणार नव्हती. पुढच्या माघात भारे पुन्हा डोक्यावर येणार होते, हेही तिला दिसत होतं; पण दुसरा भारा उचलायला आता एक जण होता, आणि धुवणाबरोबर दुसरं काय घालून पाहावं याची यादी त्यानं आत्ताच सुरू केली होती. तो वही मिटून उठला, बांधावर चढला, आणि तिला त्याच्या ओल्या केसांत ऐनाचं एक पान अडकलेलं दिसलं.

तिनं या वेळी क्षणभरही वाट पाहिली नाही. "अवो, केसांत पान हाय."

"कधीपासून?"

"माघापासून," राही म्हणाली. "तवाच सांगायचं व्हतं... पन तुमी काढलं असतं."

चांगदेवला काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं. पोरं त्या दिवशी का खिदळत होती ते, आणि त्यापुढचंही. आणि तो हसला, यावेळी दोन्ही बाजूंनी. पान काढायला त्यानं हात वर केला नाही, तिच्यापुढं मान वाकवून उभा राहिला. राहीनं ते अलगद काढलं, त्याच्या वहीत 'इतर' रकान्याच्या पानावर ठेवलं आणि वही मिटली.